‘पाटोदा ला’ आणि मराठीचे प्राध्यापक

मराठीच्या दुरवस्थेवर बोलण्याचे आमच्या महाविद्यालयांतून ठरलेले हंगाम आहेत. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि फेब्रुवारीच्या २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून तिसऱ्या हंगामाचीही भर पडली आहे. या सर्व प्रसंगी होणाऱ्या भाषणांत एक वाक्य हटकून येते: संगणकावरची मराठी भ्रष्ट आहे, मोबाइलवरची मराठी मराठी नव्हेच. टाळ्या पडतात. अध्यक्ष मान डोलावतात. मग चहा होतो.

तक्रार खोटी नाही. आमचा आक्षेप तक्रारीला नसून तक्रारदाराला आहे. जी मराठी भ्रष्ट म्हणून आपण व्यासपीठावरून धिक्कारतो, तिचा बराच मोठा भाग ज्या ठिकाणी लिहिला जातो ती जागा उघडी आहे. तिथे कोणालाही जाता येते, चूक दाखवता येते आणि पुष्कळदा स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येते. तिथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी जातात, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ जातात, परदेशी नोकरी करणारी मराठी मुले रात्री जागून जातात. फक्त मराठी विषय शिकवण्याचा पगार घेणारा वर्ग जात नाही. अपवाद असतील, आहेतही. पण अपवादांच्या आधाराने एका व्यवसायाची अब्रू किती काळ राखायची?

एक साधे उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. बीडला, केजला, परळीला, गेवराईला, माजलगावला असे आपण म्हणतो. पण पाटोदा म्हटले की ‘पाटोद्याला’ म्हणावे लागते. नामाला विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, हे आपण पदवीच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. आता एखाद्या संगणकप्रणालीतील संदेश कसा तयार होतो ते पाहा. मूळ इंग्रजी वाक्यात गावाच्या नावासाठी एक रिकामी जागा सोडलेली असते. भाषांतर करणारा त्या जागेपुढे ‘ला’, ‘पासून’, ‘मध्ये’ असे काहीतरी लिहितो. आणि यंत्र त्या जागेत जे नाव येईल ते जसेच्या तसे बसवते. परिणाम: ‘पाटोदा ला जाणारा रस्ता’, ‘पाटोदा पासून ३ किलोमीटर’. प्रत्यय सुटा आणि नाम उघडेबोडके. व्यक्तीच्या नावाचेही तेच होते. अमुक ‘ने’ तुम्हाला संदेश पाठवला, तमुक ‘चा’ वाढदिवस आहे.

यावर आपण हसतो. पण हा प्रश्न प्रोग्रामरचा नाही, तो व्याकरणाचा आहे, आणि त्याचे उत्तरही व्याकरणाच्या माणसालाच सुचू शकते. रिकाम्या जागेपुढे थेट प्रत्यय न देता ‘येथे’, ‘येथून’, ‘यांनी’, ‘यांचा’ असा शब्द दिला की नाव प्रथमेत राहते आणि वाक्य मराठी राहते. ही युक्ती नवी नाही. जुन्या दप्तरातला कारकून गावाच्या नावाआधी ‘मौजे’ आणि नंतर ‘येथील’ लिहीत असे. गावाचे नाव कोणतेही असो, मसुदा बदलावा लागत नसे. म्हणजे आज्ञावलीतल्या रिकाम्या जागेचा प्रश्न आपल्या दप्तरी मराठीने संगणक येण्यापूर्वीच सोडवून ठेवला आहे, आणि मोडी कागद वाचू शकणारी, पत्रव्यवहाराच्या मराठीवर प्रबंध लिहिणारी मंडळी ते उत्तर स्वतःपाशी ठेवून बसली आहेत.

हे संदेश ठरतात कुठे? विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिचे संदेश ट्रान्सलेटविकी या स्थळावर स्वयंसेवक भाषांतरित करतात. फायरफॉक्सचे मराठी मोझिलाच्या पोंटून या मंचावर घडते, लिबरऑफिसचे वेबलेटवर. महिन्यांची आणि वारांची नावे, तारखेचा क्रम, हजार-लाखांचे स्वल्पविराम हे सारे युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या सार्वजनिक कोठारात साठवलेले असते आणि तिथून ते असंख्य यंत्रांत जाते. या कोठारात मराठीसाठी मूळ अंक देवनागरी धरलेले आहेत आणि हिंदीसाठी रोमन. मराठी अंकांच्या अस्तित्वाबद्दल याहून महत्त्वाचा निर्णय गेल्या पंचवीस वर्षांत कोणत्या साहित्य संमेलनाने घेतला, हे कोणी सांगावे. तिथे सभासद संस्थांच्या मताचे वजन अधिक आणि सामान्य पाहुण्याचे कमी असते, हे खरे. पण पाहुण्याला दार बंद नाही.

अक्षरांचेच पाहू. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतला फरक मराठीच्या प्रत्येक शिक्षकाने फळ्यावर लिहून दाखवलेला असतो. एकीकडे गुरू, दुसरीकडे स्वयंपाकी. तसाच ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. हा आडवा, पापणीसारखा र मराठीच्या प्रकृतीतला. हिंदीला त्याचे काम पडत नाही. संगणकाच्या लिपिसंकेतात तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत: एक नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, दुसरी साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. यंत्राला दोन वेगळे शब्द. तिकडे काळजी घेतलेली नसेल तर एका रीतीने ‘दुसऱ्या’ शोधणाऱ्याला दुसऱ्या रीतीने लिहिलेला ‘दुसऱ्या’ सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराची कथा अशीच. २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवले जाई, आणि आजही दोन्ही प्रकारचा मजकूर एकत्र नांदतो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची रूपे ठरवून दिली, पाकळीचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ सांगितला. निर्णय झाला, परिपत्रक निघाले, महाविद्यालयात त्याची प्रत फलकावर लागली. पण लिपिसंकेताच्या नियमावलीत, टंकांच्या माहितीपत्रकांत, कळफलकाच्या मदतपानांत मराठीपुरते नेमके काय लिहिले आहे, ते बरोबर आहे का, हे वाचून पाहण्याचे काम कोणाचे? पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला अक्षराच्या दोन रूपांचा प्रश्न समजत नसेल तर तो समजणार कोणाला?

जिथे मराठी नीट येणारा माणूस वेळेवर पोचला, तिथे काय झाले याचाही पुरावा आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांनी शब्द घडवताना कोशातील संस्कृत धातू चाळण्यापेक्षा गावाकडे पाहिले. सभासदांनी एकत्र बसून बोलायचे पान म्हणजे ‘चावडी’. नवशिक्याने हवे ते गिरवून पाहायचे, पुसायचे पान म्हणजे ‘धूळपाटी’. आज्ञेप्रमाणे निमूटपणे कामे उरकणारी आज्ञावली म्हणजे ‘सांगकाम्या’. आणि खात्याची गुप्त खूण म्हणजे ‘परवलीचा शब्द’, लष्करी पहाऱ्याच्या भाषेतून थेट उचललेला. यांतले काही शब्द मूळ इंग्रजीपेक्षा अधिक बोलके आहेत, असे आम्हाला निःसंकोच वाटते. ‘सनोंद प्रवेश’सारखे अवघडलेले शब्दही त्याच ठिकाणी वावरले. पण अवघडलेल्या शब्दाला तिथे उपाय आहे: चर्चापानावर जावे, हरकत घ्यावी, पर्याय सुचवावा. छापील कोशातल्या अवघडलेल्या शब्दाला असा उपाय नव्हता. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला आणि त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. मधली सव्वीस वर्षे वाचकाने समासात टिपणे करावीत आणि गप्प राहावे.

इथे अध्यापकवर्गाचा ठरलेला आक्षेप येतो. कोणीही यावे आणि काहीही बदलावे, अशा ठिकाणाला प्रामाण्य कसले? हा आक्षेप मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने घ्यावा याची मौज वाटते. ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली ती कशी? लेखकूंच्या हातून तीनशे वर्षे बदलत आली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, पैठणला एकनाथांनी ती शोधून शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांनी तो बिघडला, असे समारोपात सांगितले आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये अशी ताकीदही दिली. मराठीतले हे सर्वांत थोर संपादन. पण कोणता पाठ काढला, कोणता ठेवला आणि का, याची नोंद नाथांनी ठेवली नाही. त्या काळी तशी अपेक्षाही नव्हती. पुढे वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली जी प्रत एकनाथपूर्व म्हणून छापली, ती पोथी त्यांना आमच्या बीडच्या पाटांगणावर मिळालेली. ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. छापलेल्या पाठावर शंका घेणारे आणि तिचे समर्थन करणारे दोघेही आजतागायत वाद घालतात आणि तो मिटत नाही, कारण मूळ समोर ठेवून दाखवता येत नाही.

आता या उघड्या दस्तऐवजांची रीत पाहा. प्रत्येक बदलामागे त्याची नोंद असते: कोणी केला, कधी केला, आधी काय होते, नंतर काय झाले, कारण काय दिले. सातबाऱ्याच्या मागे फेरफाराची नोंदवही असते तशी. शेतकऱ्याचा सातबारा निव्वळ कागद आहे म्हणून त्यावर विश्वास ठेवत नाहीत. फेरफार पाहतात, हरकतीची मुदत पाहतात, मग बोलतात. संहितेच्या प्रामाण्याची इतकी कडक व्यवस्था आपल्या एकाही विद्यापीठीय प्रकाशनात नाही. क्रमिक पुस्तकात एखादी ओळ दुसऱ्या आवृत्तीत निमूटपणे बदलते आणि ती कोणी बदलली हे संपादक मंडळालाही सांगता येत नाही. तेव्हा प्रामाण्याचा प्रश्न आपण विचारावा तो जरा दबक्या आवाजात.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे. हे तांत्रिक लेखन आहे, साहित्य नव्हे. मराठीच्या प्राध्यापकाचा त्याच्याशी संबंध काय? अंबाजोगाईला जाऊन दासोपंतांची पासोडी पाहावी, एवढेच याचे उत्तर. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर पंचीकरणासारखा रूक्ष, पारिभाषिक शब्दांनी खच्चून भरलेला विषय आकृत्या काढून, तक्ते मांडून मराठीत समजावलेला आहे. तांत्रिक माहितीपत्रकाचा याहून देखणा नमुना आमच्या पाहण्यात नाही. तो आपण सोळाव्या-सतराव्या शतकातील वाङ्मय म्हणून अभ्यासक्रमात लावतो; त्याच जातीचे काम आज कोणी करू लागले तर ते कारकुनी ठरते.

खरे कारण वेगळे आहे असा आम्हाला संशय आहे. परिभाषेची टिंगल करण्याची एक समृद्ध परंपरा आपल्याकडे आहे. भाषा संचालनालयाचा पदनाम कोश आला तेव्हा अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले, आणि तेव्हापासून कोणताही नवा पारिभाषिक शब्द दिसला की हसणे ही सुसंस्कृतपणाची खूण झाली. अत्र्यांच्या विनोदाला एक आधार होता: तो कोश बंद दाराआड समितीने केला होता आणि लोकांना तो नाकारण्याचा हसण्यावाचून मार्ग नव्हता. आज दार उघडे आहे. उघड्या दाराबाहेर उभे राहून आत वाकुल्या दाखवणे याला विनोद म्हणत नाहीत. शिवाय हसणाऱ्याने पर्याय द्यायचा असतो, आणि पर्याय दिला की तोही कोणीतरी तपासतो, खोडतो, ‘संदर्भ द्या’ म्हणतो. एखादा एकोणीस वर्षांचा मुलगा विभागप्रमुखांना संदर्भ मागतो! इथे पुष्कळांची गाडी अडते. वर्गात आपला शब्द अखेरचा असतो. चर्चापानावर तो पहिला असतो.

मग गुणांचा प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने एपीआय आणला आणि आपण सगळे गुण वेचू लागलो. कोणी वाचत नाही अशा नियतकालिकात कोणी वाचू नये असा लेख छापून आणला की गुण मिळतात. हजारो लोक रोज पाहतात अशा शंभर पानांची भाषा सुधारली तर शून्य. अन्याय आहेच. पण त्याविरुद्ध एखाद्या प्राध्यापक संघटनेने, एखाद्या मराठी अभ्यास मंडळाने ठराव केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वेतनश्रेणीच्या ठरावांचे मसुदे मात्र निर्दोष मराठीत असतात.

फुकट राबण्याबद्दलची तक्रार आम्ही अधिक गंभीरपणे घेतो. बड्या कंपन्यांच्या नफ्यासाठी मराठी माणसाने वेठबिगार का करावी? करू नये. जिथे आपण दिलेला शब्द कंपनीच्या तिजोरीत जातो आणि परत पाहायलाही मिळत नाही, तिथे देऊ नये, किंवा दाम घेऊन द्यावा. पण विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली आहे. तो कोणालाही छापता येतो, वापरता येतो, बदलता येतो. लिबरऑफिसचे तेच. तिथे दिलेले श्रम गावविहिरीच्या गाळ काढण्यासारखे आहेत. त्या विहिरीवर सावकाराचीही घागर येते हे कबूल. म्हणून गाळ तसाच ठेवावा काय? आणि उघड्या परवान्याचा अर्थ न समजता दोन्हींना एकाच तराजूत तोलणे हा तत्त्वनिष्ठेचा नव्हे, आळसाचा प्रकार आहे. याबाबतीत भाषेच्या श्रीमंतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एक गोष्ट पाहून ठेवावी. संकेतस्थळ कसे बांधावे हे सांगणारे मोझिलाचे एमडीएन हे दस्तऐवजस्थळ २०२० च्या डिसेंबरात नव्या व्यवस्थेवर गेले, तेव्हा ज्या भाषांची भाषांतरे सांभाळायला माणसे होती त्या चालू राहिल्या आणि बाकीच्या गोठवल्या गेल्या. चालू राहिलेल्यांत जपानी आहे, कोरियन आहे, फ्रेंच, रशियन, चिनी आहेत. भारतीय भाषा एकही नाही. अभिजाततेचा दाखला तिथे कोणी मागितला नव्हता, माणसे मागितली होती.

आता यंत्रच भाषांतर करते, तेव्हा हा खटाटोप कशाला, असेही हल्ली ऐकू येते. गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ साली आली आणि तेव्हापासून यंत्र पुष्कळ शिकले. पण ते शिकते कशावरून? जे लेखन जाळ्यावर उघडे पडले आहे त्यावरूनच. विकिपीडियाची पाने त्यात अग्रभागी असतात. आज तिथे ‘पाटोदा ला’ राहिले तर उद्या यंत्र ‘पाटोदा ला’ म्हणेल, परवा आपला विद्यार्थी यंत्राला विचारून ‘पाटोदा ला’ लिहील, आणि तेरवा आपण त्याचे गुण कापू.

शेवटी एक मुद्दा केवळ आमच्या जिल्ह्याचा, आणि आमच्या मते सर्वांत निकडीचा. बीड हा ऊसतोडणी मजुरांचा जिल्हा. ‘कोयता’ या शब्दाचा अर्थ कोशात ऊस, लाकूड वा नारळ तोडण्याचे हत्यार असा मिळेल. बीडच्या कराराच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अमुक मुकादमाकडे वीस कोयते आहेत म्हणजे चाळीस माणसे आहेत. ‘उचल’ म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, जी तोडणीतून फेडायची. ‘खाडा’ म्हणजे कामाचा चुकलेला दिवस, आणि त्याबद्दल कापला जाणारा दंडही. ‘मोळी’, ‘वाढे’, ‘टायरगाडी’, ‘कोपी’ हे सारे शब्द एका मोठ्या उद्योगाची परिभाषा आहेत, ‘डिबेंचर’ आणि ‘लेटर ऑफ क्रेडिट’ यांच्याइतकीच काटेकोर. एका स्त्रीचे श्रम हिशेबात स्वतंत्र मोजायचे की नाहीत, हे ‘कोयता’ या शब्दाच्या व्याख्येत दडलेले आहे. २०१९ साली येथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, तेव्हा बाहेरच्या पत्रकारांना हे शब्द पहिल्यापासून समजावून घ्यावे लागले.

हे शब्द विकिपीडियात आणि विक्शनरीत नीट, पूर्ण अर्थासह यायला हवेत. पण तिथे छापील संदर्भ लागतो, आणि मुकादमाच्या तोंडचा शब्द छापील नसतो. म्हणजे आधी कोणीतरी तो शास्त्रशुद्ध रीतीने गोळा करून प्रसिद्ध करायला हवा. हे काम पुण्याच्या संगणक अभियंत्याला जमणार नाही. त्याला ‘खाडा’ ठाऊक नाही. ते विश्वकोशाच्या वाईच्या कचेरीतूनही होणार नाही. ज्याच्या वर्गात दसऱ्यानंतर निम्मे बाक रिकामे होतात आणि पाडव्याच्या आगेमागे पुन्हा भरू लागतात, त्या मराठीच्या प्राध्यापकालाच ते जमण्यासारखे आहे. माहितगार त्याच्या हजेरीपटावर आहेत. प्रकल्पलेखन अभ्यासक्रमात आहे. विषय मात्र अजूनही ‘अमुक कवीच्या कवितेतील निसर्ग’ हाच दिला जातो.